बहरीनचा मांडव, पालघरचा फोन

गोदूबाई पागधरे यांच्या परदेश दौऱ्यात परदेशी न गेलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे त्या दौऱ्याचा व्यवस्थापक.

एकनाथ सावे हे त्या व्यवस्थापकाचं नाव. बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात ते टाइमकीपर होते. दाराशी काचेची खोली, खोलीत घड्याळ, घड्याळाखाली सावे. कोण किती वाजता आत आला, कोणाला किती मिनिटं उशीर झाला, हे अठरा वर्षं टिपता टिपता त्यांच्या स्वभावालाच थोडी लाल शाई लागली होती. अशा माणसाला गाण्याचं वेड लागावं हे कोणाला पटत नसे. पण लागलं होतं, आणि तेही भर बाजारात, सुकट घेताना.

गोदूबाई बोईसरजवळच्या दांडी गावच्या. सकाळी बोंबील वाळत घालायचे, दुपारी पाटी डोक्यावर घेऊन बोईसरच्या बाजारात बसायचं, आणि लग्नसराई आली की गावोगावच्या मांडवांत गायचं, असं त्यांचं वर्ष. गाणी त्यांची स्वतःची. कागदाचा त्या गाण्यांशी कधी संबंध आला नव्हता. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोडी दोरीवर टांगतात, तशी त्या एक ओळ दुसरीत अडकवत, आणि संध्याकाळपर्यंत गाणं वाळून तयार होई. त्यांचा आवाज गोड नव्हता. गोड आवाज काय, पुष्कळांचा असतो. हा आवाज भरतीच्या पाण्यासारखा होता. परत जाताना तुमच्या पायाखालची वाळू घेऊन जाणारा. सावे पाव किलो सुकट घ्यायला उभे राहिले आणि त्या गुणगुणत होत्या ती ओळ संपेपर्यंत तसेच उभे राहिले. मागच्या गिऱ्हाइकांनी त्यांना तीनदा बाजूला सारलं. घरी पोचले तेव्हा पिशवीत सुकट नव्हती, पण चेहरा असा होता की नलूवहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, विचारायचं टाळलं.

पुढे सावेंनीच बोईसरच्या एका कॅसेटवाल्याच्या मागे लागून गोदूबाईंच्या चार कॅसेटी काढवल्या. त्या चारही खऱ्या लग्नांत, मांडवाच्या खांबाला टेप टांगून केलेल्या. गाण्यामागे कुत्री भुंकत, पोरं रडत, आणि दर दहा मिनिटांनी 'भात इकडे' असा एक भरदार आवाज येई. पाचवी कॅसेट मात्र थाटाची. 'गोदूबाईंची गाजलेली गाणी'. निवडक बारा, नव्याने गायलेली, बंद खोलीत, भिंतींना गाद्या लावून.

सगळ्या भानगडीचं मूळ त्या गाद्यांच्या खोलीत आहे.

गोदूबाईंच्या गाण्यात नावांना जागा असते. नवरा, नवरी, दोन्हीकडचे आईबाप, मामा, गाव, हे सगळं ओळीत बसलं की ओळ पुरी होते. शिवाय ही गाणी म्हणजे मांडवाची शोभा नव्हे. भटजी आपलं काम करतो, पण लग्न लावतं ते गाणं, हा त्यांच्या आईचा आणि आजीचा कायदा. माइकसमोर बसल्यावर त्यांनी विचारलं, लगीन कोणाचं? कॅसेटवाला म्हणाला, कोणाचंच नाही, नुसतं गा. त्या पदर खोचून उठल्या.

"मग गाऊ कोनाला? गादीला?"

सावेंनी हातापाया पडून त्यांना बसवलं. मग गोदूबाईंनी सावेंनाच विचारलं, तुमच्या लग्नात कोण गायलं होतं? सावेंना तरुणपणी पुरोगामी विचारांचा थोडा ताप आलेला होता. त्यांचं लग्न रजिस्टर पद्धतीने, दुपारी दीड वाजता, सात सह्यांमध्ये आणि चहावर झालं होतं. कोणी गायलं नव्हतं. गोदूबाईंनी त्यांच्याकडे जेवणावेळी उपाशी सापडलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं, आणि बाराच्या बारा गाण्यांत एकनाथ आणि नलू यांचं लग्न लावून टाकलं.

कॅसेट अशी खपली की विचारू नका. डहाणूपासून दातिवऱ्यापर्यंत ज्या मांडवात गाणारीण मिळाली नाही तिथे ती कॅसेट लागली, आणि ती लागली की कर्ण्यातून एकनाथ सावे बोहल्यावर चढले. नवरा कोणी का असेना, हळद सावेंना. कामगार कार्ड पंच करताना म्हणत, साहेब, काल एडवणला तुमच्या लग्नात जेवलो, मसाला जरा कमी होता. सावे कार्डावर लाल रेघ ओढत. नलूवहिनींना मात्र त्याचा मुळीच त्रास नव्हता. लांबून कुठून कर्णा ऐकू आला की त्या हातातलं काम थांबवून पदर सारखा करत.

चौऱ्याण्णव सालच्या पावसाळ्यात सावेंना पत्र आलं. मस्कत, दुबई आणि बहरीन अशा तीन ठिकाणच्या मराठी मंडळींनी मिळून लिहिलेलं. चिंचणीच्या कोणा गृहस्थाने कॅसेट तिकडे नेली होती, तिची वाजून वाजून फीत निघाली होती, आणि आता त्यांना गोदूबाई प्रत्यक्ष हव्या होत्या. डिसेंबरात तीन शहरांत तीन कार्यक्रम. गोदूबाई, ओळ झेलायला, म्हणजे मागून म्हणायला, एक साथीदारीण आणि एक व्यवस्थापक, यांची तिकिटं ते पाठवणार. पत्रात 'दौरा' असा शब्द होता. सावेंनी तो चार वेळा वाचला आणि त्याच संध्याकाळी एक ब्रीफकेस आणली. आत ठेवायला काही नव्हतं म्हणून ते पत्रच ठेवलं.

शेजारी खंडेराव राहत. साताऱ्याकडचे, निवृत्त, आणि सल्ल्याच्या बाबतीत उदार. ते परदेशी कधी गेले नव्हते, त्यामुळे परदेशाबद्दलची त्यांची मतं अनुभवाने बिघडलेली नव्हती. त्यांनी सांगितलं की वाळवंटात आवाज बसतो, तेव्हा बाईंना आजपासून रोज चमचाभर तूप द्या. सावे तुपाची बरणी घेऊन दांडीला गेले. गोदूबाईंनी एक चमचा चाखला आणि उरलेलं तूप शेजारच्या बाळंतिणीला पोचतं केलं.

मग एका सुट्टीच्या दिवशी सावेंच्या घरी तालीम ठरली. गोदूबाई आणि त्यांची नणंद पारू दोघी आल्या. पारू कमी बोलणारी, पण ओळ झेलण्यात पटाईत. गोदूबाईंच्या तोंडून शब्द सुटायच्या आत तिने तो वरच्यावर धरलेला असे. नलूवहिनींनी चटई घातली. सावेंनी हातात घड्याळ घेतलं. गोदूबाईंनी घसा साफ केला, आणि त्याच गाद्यांच्या खोलीतल्यासारख्या थांबल्या.

मस्कतला लगीन कोणाचं?

सावेंनी समजावलं की हा कार्यक्रम आहे, लोक खुर्च्यांवर बसून ऐकणार. गोदूबाईंना खुर्च्यांबद्दल तक्रार नव्हती. सावे म्हणाले, मग आमचीच नावं पुन्हा घाला.

"तुमचं लगीन मी लावलंय, भाव. एकदा लागलेलं परत कसं लावू? मोडलं काय?"

"अजून तरी नाही," नलूवहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

गोदूबाईंचं म्हणणं साधं होतं. ज्यांचं लग्न गाण्याशिवाय झालं, त्यांचं त्या कुठेही लावून देतील, विमानात सांगितलं तर विमानात. पण मांडव रिकामा ठेवून गाणं म्हणजे खोटं गाणं, आणि खोटं गायलं की गळा जातो. त्यांच्या एका मावशीचा गेला होता. अठरा वर्षं वेळ पाळणाऱ्या माणसाने तिन्ही मंडळांना होकाराचं पत्र आधीच टाकलं होतं. आता शब्द मागे घेतला तर सावेंचं नाव तीन देशांत एकाच दिवशी खराब होणार होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे समुद्रापलीकडे हा आवाज कोणी ऐकणार नव्हतं.

शेवटी सावेंनी तिन्ही चिटणीसांना सविस्तर लिहिलं, की कृपया आपल्याकडे प्रत्येकी एक तरी विवाहित जोडपं तयार ठेवावं, मात्र त्यांच्या लग्नात कोणीही काहीही गायलेलं नसावं. हे पत्र वाचून तिकडे काय वाटेल या काळजीने त्यांना दोन आठवडे अन्न गोड लागलं नाही. पण मस्कतहून उलट टपाली उत्तर आलं, की अशी माणसं हवी तितकी आहेत, यादी पाठवू का.

तिथून पासपोर्टची चढण सुरू झाली. गोदूबाईंची जन्मतारीख कुठे नव्हती. त्यांच्या आईच्या सांगण्याप्रमाणे त्यांच्या जन्माच्या साली घोळ मासा इतका आला होता की माणसांनी बाळाकडे नीट बघितलंसुद्धा नाही. सावेंनी तीन गावांतल्या म्हाताऱ्यांना गाठून घोळीचं साल ठरवायचा प्रयत्न केला, तेव्हा घोळीची तीन सालं निघाली आणि दोन म्हाताऱ्यांचं भांडण झालं. शेवटी डॉक्टरांच्या दाखल्यावर निभावलं. फोटोवाल्याने बाईंना तोंड मिटा म्हणून सांगितलं, तर त्या दिव्याला घाबरून हळू आवाजात गाऊ लागल्या आणि आठपैकी सात फोटोंत तोंड उघडं आलं. व्यवसायाच्या रकान्यात सावेंनी मोठ्या अभिमानाने 'गायिका' लिहिलं. गोदूबाईंनी ते खोडायला लावलं. मी बोंबील विकते, तेच लिहा. गाण्याला कोण धंदा म्हणतं? गाण्याबद्दल त्यांनी आजवर खण-नारळापलीकडे काही घेतलं नव्हतं. सावेंना हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण तो शब्द स्वतःच्या हाताने खोडताना त्यांना आपण कोणासमोर बसलो आहोत याची फार जाणीव झाली.

दांडीला चौकशीला गेलेल्या हवालदारांचं काम दहा मिनिटांत झालं, कारण त्यांच्या पुतणीचं लग्न गोदूबाईंनीच गायलं होतं. सावेंच्या चौकशीला मात्र ते आले तेव्हा घराला कुलूप होतं. खंडेरावांनी त्यांना प्रेमाने आत बोलावलं, चहा दिला, आणि शेजाऱ्याबद्दल चार चांगले शब्द सांगावेत म्हणून ते सांगू लागले. माणूस सरळ आहे. निर्व्यसनी आहे. शिवाय नामांकित आहे. गेल्या एका हंगामात याची शंभर तरी लग्नं लागली असतील, डहाणूपासून पार दातिवऱ्यापर्यंत. हवालदार लिहीत गेले. बायको मात्र एकच बरं का, असं खंडेराव म्हणाले, पण तोवर हवालदारांचं पान भरलं होतं.

अहवालात आलं ते असं: 'सदर इसमाचे विवाह वारंवार व ठिकठिकाणी लागत असल्याचे शेजाऱ्यांकडून समजते. अधिक चौकशी चालू.'

ती चौकशी चालूच राहिली. गोदूबाईंचा पासपोर्ट आला, पारूचा आला. सावेंच्या पासपोर्टच्या जागी एक छापील कार्ड आलं, की आपले प्रकरण विचाराधीन आहे. सावे ठिकठिकाणी खेटे घालून आले. आपण एकाच बाईशी लग्न केलं आहे हे सिद्ध करणं किती अवघड असतं, याची कल्पना ज्याने ते केलं आहे त्यालाच येईल. खंडेराव दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुढे काय करावं याचा सल्ला पाठवला.

निघायच्या आठवड्यात सावे दांडीला गेले आणि खाली मान घालून म्हणाले की मला येता येत नाही. मनातून त्यांची अपेक्षा अशी होती, की बाई म्हणतील, तुम्ही नाही तर आम्हीही नाही. गोदूबाईंनी थोडा विचार केला.

"बरं हाय. हितं पन कोन तरी पायजे," त्या म्हणाल्या, आणि दोरीवरचे बोंबील परतायला वळल्या.

विमानतळावर सावेंनी पारूच्या हातात वेळापत्रक दिलं. त्यात कोणतं गाणं किती मिनिटांचं हेही होतं. मग दोघी, दोन बोचकी आणि खंडेरावांनी नेऊ नका म्हणून बजावलेले तीन किलो सुके बोंबील काचेच्या दारापलीकडे गेले, आणि व्यवस्थापक रिकामी ब्रीफकेस घेऊन बोईसरला परत आला.

मंडळांचे फोन कारखान्यात, सावेंच्या काचेच्या खोलीत येत. मस्कतच्या चिटणीसांचा आवाज फोनवरसुद्धा भरून आलेला होता. एक जोडपं ठरलं होतं, प्रत्यक्षात अकरा उभी राहिली. दहा दिवसांच्या रजेत लग्न उरकलेली, कचेरीत सह्या करून विमानात बसलेली, घरच्यांच्या रागामुळे देवळात माळा घातलेली माणसं. गोदूबाईंनी एकेकाला समोर बसवून आईचं नाव, मामाचं नाव, गावाची वेस विचारली आणि प्रत्येकाचं निराळं गाणं तिथल्या तिथे जोडलं. गाजलेल्या बारांपैकी एकही गायल्या नाहीत, आणि कोणी मागितलंही नाही. दोन तासांचा कार्यक्रम पाच तास चालला. पोट सुटलेली, टाय लावलेली माणसं आपल्या मामाचं नाव ओळीत आलेलं ऐकून ओक्साबोक्शी रडली. सावेंनी सवयीने एक कार्ड काढलं आणि त्यावर लिहिलं: 'मस्कत. तीन तास जादा.' मग लाल पेन खाली ठेवून निळं घेतलं आणि खाली रेघ ओढली. दुबईला चार तास जादा झाले. आता कामगार पंच करताना थांबून विचारत, साहेब, काल बाई किती वाजेपर्यंत गायल्या? आणि सावे अशा आवाजात सांगत, की जणू विंगेतून आत्ताच बाहेर आलेत.

अखेरचा कार्यक्रम बहरीनचा, शुक्रवारी दुपारी तीन वाजता. आदल्या दिवशी, गुरुवारी, फोन आला.

तिथे ठरवलेलं जोडपं बाद झालं होतं. गोदूबाईंनी त्यांना रीतसर प्रश्न विचारले, तेव्हा कळलं की नवरीच्या काकूने लग्नात दोन ओळी म्हटल्या होत्या. दोन म्हणजे दोन, लग्न लागलेलं. बाकीची माणसं एकतर रीतसर गाऊन लग्न झालेली, नाहीतर एकटी. सभागृहाच्या सगळ्या खुर्च्या गेलेल्या, लोक लांबलांबून येणार, आणि बाई गाणार नाही म्हणतात, हे सांगताना चिटणीसांना धाप लागली. मग गोदूबाई फोनवर आल्या. त्या अगदी शांत होत्या. इथे एक दामू म्हणून आहे, टगबोटीवर काम करतो, आपल्या एडवणचा. दोन वर्षांमागे नऊ दिवसांच्या रजेवर लग्न केलं, भावकीत मयत झालेली म्हणून गाणं नाही, ताशा नाही. बायको चंद्रकांता एडवणला आहे.

"तिच्या कानात माजं गाणं पडाला पायजे, भाव. कान हजर तर नवरी हजर. उद्या तिला फोनावर आना."

दामूने तिथे आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती गोदूबाईंनी शेवटी सांगितली. त्याची आई राहीबाई सुनेला नावाने हाक मारत नाही. कालवणात मीठ जास्त झालं तरी 'बिनगाण्याची' म्हणते, कमी झालं तरी तेच. सुनेने दोन वर्षांत उलट शब्द काढलेला नाही.

शुक्रवार म्हणजे कारखान्याची साप्ताहिक सुट्टी, आणि कारखान्याबाहेरचा, परदेशी फोन चालणारा, सावेंना त्या क्षणी ठाऊक असलेला नंबर एकच होता, तो म्हणजे पालघर स्टेशनसमोरचा नामदेवचा बूथ. नामदेव त्यांचा शाळासोबती. त्यांनी तोच नंबर घाईघाईने दिला. आपले साडेपाच, तिकडचे तीन.

शुक्रवार उजाडला. सावे निघाले, तेव्हा खंडेराव इस्त्रीचे कपडे घालून जिन्यात उभे होते. झाल्या प्रकाराची भरपाई म्हणून ते सोबत येणार होते. नाही म्हणण्याइतका वेळ नव्हता. दोघे शटलने सफाळ्याला उतरले. स्टेशनबाहेर आले, तर समोरच पिवळ्या पाटीचा नवाकोरा फोन बूथ.

"हा जवळ पडला असता की एडवणला," खंडेराव म्हणाले.

हा त्यांचा आयुष्यातला पहिला बरोबर सल्ला असावा, आणि तो एक दिवस उशिरा आला होता. फोन नेहमी तिकडूनच येत, बहरीनचा नंबर सावेंकडे नव्हता, त्यामुळे हा नंबर कळवायची आता सोय नव्हती. एडवणमधला एकुलता एक फोन पावसाळ्यापासून मुका होता. सावे एस.टी.त चढले.

चंद्रकांता अंगणात सुकट निवडत होती. बारीक अंगाची, खाली बघून काम करणारी पोरगी. बाहेरचे दोन पुरुष येऊन सुनेला फोनवर न्यायचं म्हणतात, हे ऐकून राहीबाई दारातच उभ्या राहिल्या. रुंद बांध्याची, आवाजाने होडी परत वळवेल अशी बाई. सावेंनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. गोदूबाईंचं नाव येताच राहीबाईंचे हात कमरेवरून खाली आले.

"दांडीची गोदूबाय? ती सोता गानार? हिच्यासाठी?"

मग मात्र सूत्रं राहीबाईंच्या हाती गेली. लग्न लागायचं तर हळद पाहिजे. हळद वाटेपर्यंत तीन वाजले. नवऱ्याकडची कोणी ओळ झेलायला पाहिजे, नवरी काही स्वतःचं गाणं स्वतः म्हणत नाही. तेव्हा राहीबाई येणार. मामा पाहिजे, तेव्हा दामूचा मामा होडीवरून हाक मारून आणला. गल्लीतल्या नऊ बाया नुसत्या बघायला म्हणून आल्या होत्या, त्या घरी जाऊन नवी लुगडी नेसून आल्या. चारची एस.टी. आलीच नाही. सावे घड्याळ बघत होते आणि घड्याळ त्यांच्याकडे बघत होतं. शेवटी पालघरला मासळी नेणारा टेम्पो मिळाला. बर्फाच्या पेट्यांवर नवरी, सासू, मामा आणि नऊ बाया, एका कोपऱ्यात ओल्या फळीवर बसलेले व्यवस्थापक, आणि पापलेटाच्या डोळ्याला डोळा भिडवून बसलेले खंडेराव. असा तो वरातीचा थाट जवळच्या माहीम गावावरून पालघरला निघाला.

पाच वाजून सव्वीस मिनिटांनी ते बूथसमोर उतरले. सावेंच्या विजारीतून बर्फाचं पाणी गळत होतं. आणि बूथ रिकामा नव्हता. आत एक गृहस्थ सुरतेला कोणाला तरी म्हशीच्या आजाराचा तपशील सांगत होते. नामदेवने काचेवर दोनदा टकटक केली. गृहस्थांनी बोटाने थांबा म्हणून खुणावलं आणि म्हशीच्या भुकेकडे वळले. पाच अठ्ठावीस. नामदेव कपाळाला हात लावून म्हणाला, लाइन यांनी धरलीय, बहरीनवाल्यांना ही एंगेज लागणार.

तेव्हा खंडेराव पुढे झाले. त्यांनी बूथचं दार उघडलं, आत डोकं घातलं आणि त्या म्हशीला नक्की काय झालं असावं ते सांगायला सुरुवात केली. ओव्यापासून निघून ते कडुनिंबापर्यंत पोचले. गृहस्थांना पलीकडचं एक अक्षर ऐकू येईना. दीड मिनिटात त्यांनी रिसीव्हर आपटला आणि बाहेर पडले. सावेंनी पहिल्यांदाच खंडेरावांकडे आदराने बघितलं.

फोन वाजला.

बूथ एका माणसाचा. चंद्रकांताला स्टुलावर बसवून रिसीव्हर तिच्या कानाशी दिला, आणि उरलेल्या जागेत राहीबाई शिरल्या आणि त्यांनी रिसीव्हरच्या दुसऱ्या बाजूला आपला कान लावला. दोघींच्या गालांत एका फोनाचं अंतर. दार काही मिटेना. बाहेर नऊ बाया, मामा, नामदेव, आणि हळदीच्या हाताची नवरी बघून थबकलेले रिक्षावाले. सावे दाराशी उभे. इतके महिने त्यांनी जो कार्यक्रम उभा केला, तो आता सुरू झाला होता, आणि त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

मग राहीबाईंनी तोंड उघडलं, आणि समुद्रापलीकडची पहिली ओळ त्यांच्या जाड्याभरड्या आवाजात स्टेशनसमोर उतरली:

*आडव्या समिंदराला, घातिला मांडव*

नऊ बायांनी ती झेलली. पुन्हा शांतता, म्हणजे त्या वेळी तिकडे गोदूबाई गात होत्या. सगळा चौक त्या न ऐकू येणाऱ्या आवाजासाठी श्वास धरून होता.

*ऐल तीरी नवरी, पैल तीरी नवरदेव*

मामाचं नाव आलं, तसा मामा टोपी काढून उभा राहिला. एडवणची वेस आली, होडी आली, दामूचं टगबोटीवरचं काम आलं. सावे भिंतीला टेकून ऐकत होते. बाईंनी हे सगळं कालपासून आजपर्यंतच्या एका दिवसात जोडलं होतं, परक्या गावी, न पाहिलेल्या पोरीसाठी, आणि एकही ओळ सैल नव्हती.

मग राहीबाई मध्येच थांबल्या.

बायांनी वाट बघितली. राहीबाईंच्या कानात ओळ आलेली दिसत होती, पण ओठ घट्ट मिटले होते. त्यांनी एकदा रिसीव्हरकडे बघितलं, एकदा चंद्रकांताकडे. चंद्रकांतानेही ती ओळ ऐकली होती. तिने मान आणखी खाली घातली आणि पुढ्यातली हळदीची बोटं मुठीत लपवली.

सावेंना हळूहळू उमगलं. गोदूबाईंनी गाण्यात सासूचं नाव घातलं होतं. आणि गाण्याचा कायदा असा, की गाणारणीने जे म्हटलं ते झेलणारीने म्हणायचंच; ओळ झेलल्याशिवाय पुढची येत नाही. तिकडे सभागृह भरलेलं, पारू गप्प, गोदूबाई थांबलेल्या. इकडे नामदेवच्या बूथमध्ये एक सासू दोन वर्षांचा हट्ट तोंडात धरून उभी. पालघरहून बहरीनपर्यंत सगळं त्या एका मिटलेल्या तोंडावर अडून होतं, आणि व्यवस्थापकाच्या हातात काहीही नव्हतं.

"आई, बाय वाट बगते," चंद्रकांता अगदी हळू म्हणाली.

राहीबाईंनी मिटलेलं तोंड उघडलं.

*राहीबाय सासूच्या, दारी आली लक्षुमी*

आवाज फाटला, पण ओळ पोचली. बायांनी ती झेलली ती इतक्या जोरात, की तिकिटाच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली. दोन वर्षं त्या गल्लीने दुसरंच नाव ऐकलं होतं.

पुन्हा शांतता. पुढची ओळ आली असणार, कारण राहीबाईंचा हात वर गेला आणि पदर डोळ्यांवर आला. या वेळी त्या हट्टाने थांबल्या नव्हत्या. त्यांना म्हणताच येत नव्हतं. बाया म्हणाल्या, अगं काय म्हणते गोदूबाय, सांग की. राहीबाईंनी सुनेच्या खांद्याचा आधार घेतला, हळदीने पिवळ्या झालेल्या तिच्या मुठीवर आपला हात ठेवला, आणि कशीबशी ती ओळ उचलली:

*लक्षुमी म्हने सासूबाय, तुज्यावाचून कोन मी*